दोन रेघा आल्या, पण पेढे नकोत: बीज कधी सुटतं ते ओळखायचं कसं

श्रावणात, दुपारी तीनच्या सुमाराला, दुकान रिकामं असताना आमच्याच गल्लीतली नवी सून आली. इंदूरच्या रामबागेत आमचं मेडिकल आहे आणि मी बावीस वर्षं त्या काउंटरमागे उभी आहे, त्यामुळे निम्मी गल्ली मला काकूच म्हणते. तिनं इकडेतिकडे पाहिलं, पर्समधून टिश्यूत गुंडाळलेली पट्टी काढली आणि काचेवर ठेवली. "काकू, दोन रेघा. दोन्ही गडद. आईंना सांगू का आता?"

मी चष्मा लावला. पट्टीच्या टोकाला बारीक अक्षरात 'एलएच' छापलेलं होतं. म्हणजे दिवस राहिलेत की नाही हे सांगणारी ही पट्टी नव्हतीच. बीज सुटायची वेळ आली, एवढंच ती सांगते. आठवड्यापूर्वी तिच्या नवऱ्यानं आमच्या पोऱ्याकडे हळूच "भैया, वो वाली किट" एवढंच मागितलं होतं आणि पोऱ्यानं हाताला लागली ती काळ्या पिशवीत घालून दिली. चूक आमच्याच दुकानाची.

तिला म्हटलं, पेढे राहू देत, पण आज-उद्या दोघांपैकी कुणी गावाला जाऊ नका. आधी तिला कळेना. मग कानशिलं लाल झाली. आणि मग म्हणाली, "पण आज तर एकोणिसावा दिवस आहे काकू. पाळीच्या ॲपमध्ये चौदाव्याला फूल दाखवलं होतं. ते कधीच गेलं ना?"

या चौदाव्या दिवसानं किती जोडप्यांना घोळात घेतलंय, ते मेडिकलच्या काउंटरवरून नीट दिसतं. पण उभ्याउभ्या समजावून सांगायला जावं तर मध्येच कुणीतरी खोकल्याचं औषध मागायला येतं. म्हणून बसून लिहिते आहे.

## मोजायला कुठून लागायचं

आमच्या आजेसासूबाई पाळीचे दिवस न्हाण्यापासून मोजायच्या. काही मुली रक्तस्राव थांबल्यापासून मोजतात. डॉक्टर मात्र पहिला दिवस धरतात तो नीट रक्त जायला लागतं तो. आदल्या दिवशी नुसता डाग दिसला असेल तर तो धरायचा नाही. या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंतचा काळ म्हणजे एक चक्र.

चक्र २८ दिवसांचं असतं, असं शाळेत शिकवतात. २१ ते ३५ दिवसांमधलं कुठलंही चालतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सव्वा लाखाच्या आसपास बायकांची सहा लाखांहून जास्त चक्रं तपासली होती. सरासरी निघाली २९.३ दिवस, आणि बरोबर २८ दिवसांची चक्रं होती फक्त १३ टक्के. म्हणजे पुस्तकातलं चक्र शंभरात तेराच वेळा सापडतं.

## एक जागा, दोन धंदे

इंदूरकरांना सराफा सांगायला नको. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं. रात्री त्यांची शटरं पडतात आणि त्याच ओट्यांवर गराडू, भुट्ट्याचा कीस आणि जिलबीच्या कढया मांडल्या जातात. जागा तीच, धंदा दुसरा. बीजकोषात दर महिन्याला नेमकं हेच घडतं.

गर्भाशयाच्या दोन बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोष असतात. मुलगी जन्मते तेव्हाच त्यांत दहा ते वीस लाख कच्ची बीजं असतात. पहिली पाळी येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. नवीन तयार होत नाहीत. बीज एका पातळ पिशवीत असतं, तिला फॉलिकल म्हणतात. चक्राच्या सुरुवातीला अशा बऱ्याच पिशव्या वाढायला लागतात. त्यांतली सहसा एक पुढे जाते, बाकीच्या सुकून जातात. पुढे गेलेली साधारण २० मिलिमीटरपर्यंत फुगते. तिच्या आतलं बीज मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढंच असतं.

फुगता फुगता ही पिशवी इस्ट्रोजेन तयार करते. हे एक संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारं रसायन, ज्याला आपण बोलताना हार्मोन म्हणतो. त्याच्यामुळे गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होतं. हा सराफ्याचा दिवसाचा धंदा. इस्ट्रोजेन पुरेसं वाढून दोनेक दिवस टिकलं की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी एकदम भरपूर एलएच रक्तात सोडते. हे दुसरं संप्रेरक. एलएच वाढायला लागल्यापासून दीडेक दिवसात पिशवी फुटते आणि बीज बाहेर पडतं. त्यालाच ओव्ह्युलेशन म्हणतात. मी आपलं 'बीज सुटणं' म्हणते.

आता शटर पडलं, पण ओटा रिकामा राहत नाही. तीच फुटलेली पिशवी पिवळसर गाठीसारखी होते आणि प्रोजेस्टेरॉन नावाचं तिसरं संप्रेरक सोडायला लागते. ते अस्तर सांभाळून ठेवतं. गर्भ आला तर ही रात्रीची दुकानं पुढेही चालू राहतात. नाही आला तर बारा ते चौदा दिवसांत आपोआप उठतात, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि अस्तर गळून पडतं. ती पाळी.

## मावशी कार्यालयात पोचली की कळतं

आता खरी मेख. सराफ्याच्या या दोन धंद्यांतल्या पहिल्याची वेळ लांबते-आटते. दुसऱ्याची बऱ्यापैकी ठरलेली असते.

लग्नाला निघणारी मावशी डोळ्यांपुढे आणा. तिला आवरायला कधी अर्धा तास लागतो, कधी दीड. नथ सापडत नाही, नेसलेली साडी पुन्हा नेसायची असते. पण एकदा रिक्षात बसली की घरापासून कार्यालय वीस मिनिटं. त्यामुळे ती कार्यालयाच्या दारात दिसली की घरून कधी निघाली हे अचूक सांगता येतं. पण ती आवरायला कधी बसली यावरून ती कधी निघेल, हे कुणालाही सांगता येत नाही.

बीज सुटणं म्हणजे मावशीचं घरून निघणं. पुढची पाळी म्हणजे कार्यालय. म्हणून बीज सुटण्याचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजतात. जपानमधल्या क्युसाकू ओगिनो या डॉक्टरनं १९२४ साली हेच दाखवून दिलं होतं: बीज सुटतं ते पुढच्या पाळीआधी साधारण १२ ते १६ दिवस. २८ दिवसांच्या चक्रात मागून चौदा मोजले की पुढूनही चौदाच येतात, एवढाच काय तो योगायोग. त्या योगायोगाचाच लोकांनी नियम करून टाकला.

आमच्या सूनबाईंचं चक्र ३१ ते ३४ दिवसांचं. मागून चौदा मोजले तर सतरा ते वीस. एकोणिसाव्या दिवशी पट्टीवर दोन गडद रेघा आल्या, त्यात नवल काहीच नव्हतं. उलट चोविसांचं चक्र असलेलीचं बीज दहाव्याच्या आसपास सुटतं. ती चौदाव्याची वाट बघत बसली तर दर महिन्याला गाडी चुकणार.

मग ॲप काय करतं? तुमच्या मागच्या तारखांची सरासरी काढून पुढचा अंदाज बांधतं. मागची चार वर्षं पाऊस १५ जूनला आला म्हणून यंदाही १५ जूनलाच येईल म्हणण्यासारखं आहे ते. आणि ज्या ॲपला तारखाच दिलेल्या नाहीत, ते सरळ २८ धरून चालतं. ताप आला, रात्रपाळी झाली, परीक्षा आली, घरात कुणी गेलं, की पिशवी पिकायला वेळ लागतो आणि त्या महिन्यात बीजच उशिरा सुटतं. "टेन्शननं पाळी लांबली" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा लांबलेलं असतं ते बीज सुटणं. पाळी बिचारी त्याच्यामागून ठरल्या वेळीच आलेली असते. हे त्या दिवशीच्या शरीराला माहीत असतं, फोनला नसतं.

## गेर बघायला आधी जाऊन उभं राहावं लागतं

दिवस कळला, आता दुसरा घोळ. बऱ्याच जोडप्यांना वाटतं, बीज सुटलं की मग संबंध यायला हवा. उलट आहे.

रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंग उधळत जाणारी मिरवणूक, आठवा. राजवाड्यासमोर ती दिसायची तर माणसं सकाळपासून गच्च्या धरून बसतात. गेर समोरून जाते ती थोडाच वेळ. ती गेल्यावर धावत आलेल्याला रंगानं भिजलेला रस्ता तेवढा बघायला मिळतो. शुक्रजंतू हे गच्चीवर बसणारे. गर्भाशयात आणि नळ्यांमध्ये ते पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. सुटलेलं बीज मात्र बारा ते चोवीस तासच टिकतं.

अमेरिकेत ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या २२१ बायकांची रोजची लघवी तपासून १९९५ साली हे मांडलं. दिवस राहिले ते फक्त सहा दिवसांतल्या संबंधांमुळे: बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस. दुसऱ्या दिवसापासून शक्यता जवळजवळ शून्य. सगळ्यात चांगले दिवस म्हणजे बीज सुटण्याच्या आधीचे दोन-तीन. पाच वर्षांनी त्याच गटानं आणखी एक गोष्ट सांगितली. डॉक्टर मंडळी तेव्हा दहावा ते सतरावा दिवस 'गर्भ राहण्याचे' म्हणून सांगत. पण ज्यांचे सहाच्या सहा दिवस त्या मापात बसले, अशा बायका होत्या जेमतेम ३० टक्के.

म्हणून एका तारखेवर डोळा ठेवून दोघांनी परीक्षेला बसल्यासारखं बसू नये. पाळी थांबल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा, एक दिवसाआड, एवढं जमलं तरी ते सहा दिवस आपोआप सापडतात. "साठवून ठेवलं तर ताकद वाढते" हे नवऱ्यांचं आवडतं शास्त्र. रोज आलेल्या संबंधानं निरोगी पुरुषाचं काही बिघडत नाही, आणि आठवडाभराहून जास्त साठवलेल्यात मेलेले नि मंद शुक्रजंतूच वाढतात. नंतर भिंतीला पाय लावून पडून राहायचीही गरज नाही.

## शरीर काय काय सांगतं

पैसे न लागणारी आणि सगळ्यात उपयोगी खूण आपल्याकडे आजार म्हणून ओळखली जाते. "काकू, अंगावरून पांढरं जातंय, काहीतरी द्या." दहांतल्या निम्म्या वेळा मी विचारते, कितवा दिवस? आणि उत्तर येतं, पाळी होऊन आठ-दहा दिवस झाले.

गर्भाशयाच्या तोंडाशी एक चिकट स्राव तयार होत असतो. पाळीनंतर काही दिवस कोरडेपणा असतो, मग तो दाट, पांढरट, चिकट येतो. इस्ट्रोजेन चढेल तसा पातळ होत जातो, आणि बीज सुटायच्या आधीच्या दिवसांत अगदी काचेसारखा स्वच्छ, बुळबुळीत, ताणला तर तुटत नाही असा होतो. पुस्तकांत कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याची उपमा असते. ज्यांच्या घरात अंडं येत नाही त्यांना मी एकतारी पाक सांगते. लाडूचा पाक झाला का बघायला आपण अंगठा नि तर्जनीमध्ये थेंब धरून बोटं फाकवतो, तसंच करून बघायचं. तार निघाली म्हणजे दार उघडलं. हाच स्राव शुक्रजंतूंना वर जायला वाट देतो आणि जगवतो. इतर दिवसांत तो त्यांना अडवतो. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉनमुळे एक-दोन दिवसांत पुन्हा दाट किंवा कोरडं. मात्र स्रावाला घाण वास, खाज, पिवळा-हिरवा रंग किंवा फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या असतील तर तो पाक नाही. डॉक्टरकडे जायचं, माझ्याकडे मलम मागायला यायचं नाही.

दुसरी खूण पट्टी. ही लघवीतलं एलएच पकडते. गर्भाच्या पट्टीहून हिची भाषा वेगळी असते, आणि घोळ तिथंच होतो. गर्भाच्या पट्टीवर दुसरी रेघ अंधूक आली तरी वेळेत वाचलेली असेल तर ती 'हो' असते. एलएचच्या पट्टीवर अंधूक रेघ म्हणजे 'नाही', कारण थोडंसं एलएच शरीरात रोजच असतं. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच 'हो', म्हणजे पुढच्या चोवीस ते छत्तीस तासांत बीज सुटण्याची शक्यता. गर्भाची पट्टी सकाळच्या पहिल्या लघवीवर करतात. एलएचची बहुतेक पाकिटं सांगतात रोज ठरावीक वेळी, पुष्कळदा दुपारनंतर, आधी दोन तास ढसाढसा पाणी न पिता. सुरुवात कधी करायची? तुमच्या सगळ्यात आखूड चक्रातून सतरा वजा करा. एकतिसांचं असेल तर चौदाव्या दिवसापासून. म्हणजे ॲपच्या फुलाच्या दिवशी आमच्या सूनबाईंची तपासणी जेमतेम सुरू व्हायला हवी होती.

आणि समजा चौदाव्याला बीज सुटलं असतं, तरी एकोणिसाव्याला कुठलीही पट्टी दिवस राहिल्याचं सांगू शकली नसती. गर्भ अस्तरात रुजायलाच बीज सुटल्यापासून सहा ते बारा दिवस लागतात आणि त्यानंतरच पट्टीला कळणारं संप्रेरक तयार होतं. पाळी चुकेपर्यंत थांबा आणि पट्टीचे पैसे वाचवा.

तिसरी खूण तापमान. प्रोजेस्टेरॉन अंग किंचित गरम करतं: ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस. पहाटे जाग आल्याबरोबर, अंथरुणातून उठायच्या आधी, दोन दशांश दाखवणाऱ्या थर्मामीटरनं मोजायचं. सलग तीन दिवस आकडा आधीच्या सहा दिवसांहून वर राहिला तर बीज सुटून गेलं. पण गेर निघून गेल्याची ही बातमी. त्या महिन्यात तिचा उपयोग शून्य. तीन-चार महिने लिहिलं तर आपलं वळण कळतं, एवढाच फायदा. ताप, जागरण, रात्री एकपर्यंत सराफ्यात उभं राहणं, यांतल्या कशानंही आकडा बिघडतो. खरं सांगायचं तर मी हे फार कुणाला करायला लावत नाही. पहाटे पहाटे थर्मामीटर तोंडात धरून दिवस सुरू केला की जोडपी महिनाभरात चिडचिडी होतात.

काहींना ओटीपोटात एका बाजूला कळही येते. आली तर आली, तिच्यावर हिशेब मांडू नका.

## "मग हेच उलटं वापरलं तर गोळ्या नकोत?"

हा प्रश्न बहुधा पुरुष विचारतात. उत्तर: वापरता येतं, पण चक्र नियमित हवं, दोघांचा संयम हवा आणि चुकलं तर चालेल अशी तयारी हवी. ज्यांचं चक्र नेहमी २६ ते ३२ दिवसांचं असतं, त्यांच्यासाठी आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत टाळायचं, अशी एक ठरलेली पद्धत आहे. दिवस मोजायला रंगीत मण्यांची माळ मिळते, रोज एक मणी पुढे सरकवायचा. तंतोतंत पाळली तर वर्षभरात शंभरातल्या साधारण पाचजणींना दिवस राहतात. प्रत्यक्ष माणसं जशी पाळतात तशी पाळली तर बाराजणींना. तांबी बसवली तर शंभरात एकीहूनही कमी. तुलना समोर आहे.

तातडीच्या गोळीबद्दलही इथेच सांगते, कारण तिच्याइतके गैरसमज दुसऱ्या कुठल्या गोळीबद्दल नसतील. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची ही गोळी मुख्यतः बीज सुटणं पुढे ढकलते. ती गर्भपाताची गोळी नव्हे, राहिलेला गर्भ ती पाडत नाही. आणि एलएच आधीच चढलं असेल तर तिला करण्यासारखं फारसं उरत नाही, म्हणून जितकी लवकर तितकी बरी. घेतल्यावर त्या महिन्याचा सगळा हिशेब मोडतो. महालक्ष्म्यांच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या नेतात तेव्हाही तसंच. त्या गोळ्या रात्रीची दुकानं जबरदस्तीनं चालू ठेवतात. त्या महिन्याची तारीख ॲपमध्ये भरून पुढचा अंदाज काढायला जाऊ नका.

अंगावर पाजणाऱ्यांना एक धोक्याची सूचना: बाळंतपणानंतर पहिली पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं. "अजून पाळीच आली नाही, मग काय भीती" म्हणणाऱ्यांची दुसरी बाळंतपणं दीड वर्षात झालेली मी पाहिली आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावर आणि पाळी आलेली नाही, हे तिन्ही असेल तोवरच पाजण्याचा आधार.

## "सम रात्रींचं काय?"

जुन्या धर्मशास्त्रात ऋतुकाळ सोळा रात्रींचा सांगितला आहे. पहिल्या चार वर्ज्य, मग सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी. सोळा रात्रींचा अंदाज २८ दिवसांच्या बाईपुरता वाईट नव्हता, हे मानायला हवं. सस्तन प्राण्यांचं बीज माणसानं पहिल्यांदा पाहिलं १८२७ साली, फॉन बेअर या शास्त्रज्ञानं, तेही कुत्रीचं. त्याआधी नुसत्या निरीक्षणावर एवढं जमलं हेच पुष्कळ. पण ३४ दिवसांच्या बाईचे सहा दिवस पंधराव्याला सुरू होतात. तिला सोळाव्या रात्री दार बंद करायला सांगणं म्हणजे आत शिरता शिरता हाकलणं.

मुलगा-मुलीचा भाग मात्र साफ खोटा. विल्कॉक्स यांच्या त्याच अभ्यासात संबंधाचा दिवस आणि बाळाचं लिंग यांचा काही मेळ लागला नाही. लिंग ठरतं ते बापाकडून आलेल्या शुक्रजंतूवर, आणि तो कुठल्या रात्री आला हे तो बघत नाही. मुलग्यासाठी औषध मागायला अजूनही माणसं येतात. १९९४ च्या कायद्यानं लिंगनिवड हा गुन्हा आहे, हे मी त्यांना दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते.

## "लग्नाला पाच आठवडे, आणि सोनोग्राफीत सात कसे?"

हसू नका, यावरून घरं ढवळून निघालेली आहेत. गरोदरपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण बायकांना तीच तारीख आठवते. बीज सुटतं त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे गर्भ राहिला त्या दिवशीच डॉक्टरच्या वहीत दोन आठवडे भरलेले असतात. पाळी चुकली त्या दिवशी चार. लग्नानंतर पहिल्याच दिवसांत राहिलेला गर्भ पाच आठवड्यांनी सातचा दिसणार, आणि ते बरोबरच आहे. एका सासूबाईंना मी काउंटरवरच्या कॅलेंडरवर पेनानं खुणा करून हे दाखवलं. त्यांनी दोनदा मोजलं, काही बोलल्या नाहीत, आणि सुनेसाठी लोहाच्या गोळ्या घेऊन गेल्या.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चारेक आठवड्यांत मिटते. तेव्हा बऱ्याच जणींना पाळी चुकल्याची नुकती कुठे जाणीव होत असते. म्हणून फॉलिक ॲसिड दिवस राहिल्यावर सुरू करून उशीर होतो. प्रयत्न सुरू करायच्या महिनाभर तरी आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम हवं. साखर, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळात दोष असेल तर मात्रा वेगळी असते, ती डॉक्टरला विचारून.

## "सगळं बघून झालं, तरी काही नाही"

निरोगी, तरुण जोडप्यानं सगळे दिवस बरोबर साधले तरी एका महिन्यात दिवस राहायची शक्यता चारात एक, फार तर तीनात एक. त्यामुळे दोन-तीन महिने कोरडे गेले म्हणून नवस बोलायला नको. वर्षभरात शंभरातल्या ८५ जोडप्यांना यश येतं. बाई पस्तिशीच्या आतली असेल तर वर्षभर थांबून डॉक्टरकडे जायचं, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांत.

काहींनी तेवढंही थांबू नये. पाळी येते म्हणजे बीज सुटतंच असं नाही. अस्तर नुसतं जाड होऊन कधीही गळू शकतं, आणि ते रक्त दिसायला पाळीसारखंच असतं. चक्र ३५ दिवसांहून लांब किंवा २१ हून आखूड असेल, महिनोन्महिने पाळी गायब असेल, तर पीसीओएस (बीजकोषातल्या पिशव्या अर्धवट वाढून अडकतात तो विकार), थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) हे आधी बघायला हवं. पीसीओएसमध्ये एलएच पुष्कळदा चढलेलंच असतं, त्यामुळे घरची पट्टी रोजच 'हो, हो' म्हणत राहते आणि माणूस फसतं. तिथे सोनोग्राफीनं पिशवीची वाढ मोजणं आणि प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी हाच रस्ता. ही तपासणी 'एकविसाव्या दिवशी' सांगतात, पण तोही २८ च्या चक्राचाच हिशेब. ती पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी हवी. चक्र ३४ चं असेल तर सत्ताविसाव्या दिवशी. चिठ्ठीवर नुसतं '२१' लिहिलेलं दिसलं तर आपलं चक्र किती दिवसांचं आहे ते डॉक्टरांना आठवण करून द्या, राग येत नाही त्यांना. आणि पिशवी फोडायचं इंजेक्शन घेतलं असेल तर दोन आठवडे गर्भाची पट्टी करू नका. बहुतेक वेळा ती इंजेक्शनचंच औषध पकडते आणि खोटी 'हो' दाखवते.

या सगळ्यात एक माणूस अजून आलाच नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी चाळीस ते पन्नास टक्के ठिकाणी पुरुषाकडचंही काही कारण निघतं, आणि त्याची तपासणी सगळ्यात सोपी, स्वस्त, टोचाटोची नसलेली. तरी ती शेवटी होते. बाईच्या तीन सोनोग्राफ्या झालेल्या असतात आणि नवरा अजून "मला काय झालंय" म्हणत असतो. त्याला दोष न देता सांगायचं: दोघांची तपासणी एकाच आठवड्यात. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा टायफॉइडही रिपोर्ट बिघडवू शकतो. पहिला रिपोर्ट खराब आला तर थोड्या काळानं पुन्हा करतात.

आमच्या सूनबाईंचा नवरा परवा आला. या वेळी काळी पिशवी नको म्हणाला, पण आवाज तसाच खाली होता. "काकू, तपासणीच्या आधी किती दिवस?" दोन ते सात दिवस संबंध नको, मी म्हटलं. नमुना लॅबमध्येच दिलेला बरा. घरून न्यायचा असेल तर डबी लॅबमधूनच आणायची, कंडोम किंवा तेल वापरायचं नाही, आणि तासाभराच्या आत पोचवायचा. त्यानं विचारलं, स्कूटरच्या डिकीत चालेल ना? नाही. डिकी उन्हात तापते आणि थंडीत गार पडते. शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेव, आणि वाटेत पोहे खायला थांबू नकोस.